पोरीनं सोडलं, मी नाही

४ नोव्हें., मंगळ

कोमलनं क्लास सोडला. दुपारी मेथीच्या जुड्या बांधता बांधता सांगितलं, मान वर न करता. "आई, आजपासून मी येत नाही ज्युडोले." काऊन म्हनलं, तं "बास झालं." एवढंच.

आधी वाटलं, आपलंही संपलं. मी तं तिले स्कूटीवर मलकापूरले नेऊन सोडायची म्हणून जायची. कापसाच्या जिनिंगच्या जुन्या गोदामात क्लास भरते, तिथं भिंतीले टेकून बसायची. मागच्या साली ज्युडोच्या मॅडम म्हनल्या, "काकू, नुसत्या बसता काऊन, या की गादीवर." तव्हापासून दोघी. एक एकोणीसची, एक त्रेचाळीसची, दोघींचे पट्टे पिवळे.

संध्याकाळ व्हायले आली तशी हात धुतले, चावी घेतली.

हे ओसरीत होते. म्हणे, "कोमल तं येत नाही ना?"

"नाही."

"मंग तू कुठं चालली?"

"क्लासले."

मी स्कूटी काढली.

७ नोव्हें., शुक्र

आता माझी जोडी पायलसंग. पंक्चरच्या दुकानवाल्याची पोरगी, बारावीत आहे. नुसते हाडं, पण चपळ. माझी पकड मात्र तिले सुटत नाही. म्हणे, "काकू, हाताले काय लावता तुम्ही?" म्हनलं, "टमाट्याचे कॅरेट उचलून पाह्य रोज. मंग सुटते का तेही पाह्य."

कंबरेवर घेऊन टाकायचा डाव चांगला बसला आज. पण मागं पडणं मले अजून येत नाही. मागं पडायचं म्हनलं की मान आखडते, हात आपोआप टेकायले जातो. मॅडम ओरडल्या, "काकू, हात मोडंल! जमीन आपलीच आहे, तिले कशाले भेता!" मॅडम सत्तावीसच्या. शाळेत कंत्राटावर पी.टी. शिकवतात, संध्याकाळी आम्हाले. ओरडल्या की गोदामातले कबुतरं उडतात.

कोपर सुजलं. रात्री भाकरी थापताना डाव्या हातानं काम चालवलं. को.नं पाह्यलं. परात ओढून घेतली अन् उरलेल्या तिनंच थापल्या.

९ नोव्हें., रवि

भासरे सकाळीच येऊन बसले. यांचे मोठे भाऊ. शेत दोघांचं एकत्र, शब्द त्यांचा एकट्याचा.

को.साठी स्थळ आणलं आहे. जळगाव जामोदचं. पोराचं स्वतःचं मेडिकल, बसस्टँडजवळ. पुढच्या रविवारी पाहायले येतात. चांगलं आहे, नाही कशाले म्हणू. को.नं फोटो पाह्यला, ठेवला, अन् चहाचे कप उचलायच्या निमित्तानं परत पाह्यला.

मंग भासरे यांले म्हणतात (माझ्याशी थेट बोलत नाहीत, मधात हे लागतात), "ते ज्युडोचे पांढरे कपडे रस्त्याच्या अंगाले वाळत राह्यतात. पाहुन्याईले काय सांगू मी? पोरगी भांडते का माय भांडते?"

हे माझ्याकडं पाहतात. भासरे माझ्याकडं पाहत नाहीत.

मी कपडे काढले, गोठ्यात नेऊन टांगले.

११ नोव्हें., मंगळ

जाकिटाले म्हशीचा वास. पायल नाक दाबून हसली. मॅडमनं विचारलं काय झालं, तं सांगितलं, "घरचे म्हणतात, दिसायले नको."

माझं मलेच ऐकू आलं. दिसायले नको! जसा काही चोरीचा माल आहे.

आल्या आल्या धुतलं. रस्त्याच्या अंगाले, मधोमध, दोन्ही बाह्या ताणून टाकलं. वारा सुटला होता. चांगलं फडफडत होतं.

१४ नोव्हें., शुक्र

वांगे तोडताना को.ले परत विचारलं. खरं सांग, पाहुणे येतात म्हणून सोडलं का? काकाजी काही बोलले का?

"नाही वं आई. मले ते आवडतच नव्हतं."

"मंग इतके दिवस काऊन गेली?"

"तू भिंतीजवळ बसून पाहायची ना. तुझं तोंड पाहून जायची मी."

मी थांबली तिथंच, हातात वांगं. मले वाटे, मी पोरीसाठी जाऊन राह्यली. अन् पोरगी माझ्यासाठी.

काटा रुतला होता बोटात. संध्याकाळी पकड घेताना ठणकलं, तव्हा आठवलं.

१६ नोव्हें., रवि

लिहायले बसली. रागानं.

रविवारचा सकाळचा क्लास चुकवला नाही. पाहुणे अकराले येणार होते, तोवर परत येता येते. शेवटी शेवटी पायलचं कोपर डोळ्याखाली बसलं. चूक कोणाचीच नाही, मीच वाकली. घरी येईस्तोवर सुजून निळं. को.नं पावडर लावून पाह्यली, अजूनच उठून दिसलं. भासरे म्हणे, पदर पुढं घे अन् स्वयंपाकघरातच राहा.

पोराची आई आली, मामा आला, पोरगा आला. को. बसली, बोलली, हसली. चांगली बोलते माझी पोरगी. पोरगाही साधा वाटला. सगळं बरं चाललं होतं. पण चहा कोण नेईल? जाऊ माहेरी गेलेली. मीच नेला.

पोराच्या आईनं कप घेता घेता वर पाह्यलं. "बाई, डोळ्याले काय झालं हो?"

मी तोंड उघडायच्या आत भासरे बोलले, "गोठ्याच्या दारावर आपटली. अंधार राह्यते तिथं."

मामानं आधी माझ्याकडं पाह्यलं, मंग यांच्याकडं. पोराच्या आईनंही तसंच पाह्यलं. समजल्यासारखी मान हलवली अन् हळूच मले म्हणे, "चालते संसारात. पुरुषाचा हात आहे, उठते कधीमधी." अन् बशीत चहा ओतला. फुंकर घालून पिला.

चाललं त्यायले! नवऱ्यानं मारली असंल, तं चाललं. त्या घरची पोरगी करायले काही अडचण नाही.

हे मान खाली घालून बसलेले. कान लाल. लग्नाले इतके वर्षं झाले, या माणसानं मले बोट नाही लावलं. रागावला तं वावरात जाऊन बसते.

मी ट्रे खाली ठेवला. पदर मागं केला.

"दारावर नाही आपटली. यायनं मारलंही नाही. मी ज्युडो खेळते. सकाळी सरावात लागलं."

मामा म्हणे, "कोन? पोरगी?"

"पोरगी खेळायची. आता मी खेळते."

पोरगा तेवढा म्हणे, "कोणता बेल्ट?"

"पिवळा."

मामानं त्याच्याकडं असं पाह्यलं की तो परत बोलला नाही.

"कळवतो" म्हणून गेले. पोहे तसेच बशीत.

को. दार लावून बसली. दाराआडून म्हणे, "तुले एक तास चूप नाही बसता आलं?"

नाही आलं.

१७ नोव्हें., सोम

भासरे आज थेट माझ्याशी बोलले. आजवर पहिल्यांदा असंल. "पोरीचं वाटोळं करून राह्यली तू."

"भाऊजी, तुम्ही खोटं काऊन बोलले?"

"घराची लाज राखली मी."

"लाज यांची गेली ना पण. ते समजले, हे मारतात."

"समजू दे. त्यानं काय होते?"

हे दारातच उभे होते. ऐकलं त्यायनं. चपला घातल्या अन् वावरात गेले.

१८ नोव्हें., मंगळ

खुंटीवर स्कूटीची चावी नाही. भासऱ्यांनी नेली. गाडी त्यांच्या नावावर आहे, बोलायले जागा नाही.

फाट्यापर्यंत पायी, तिथून काळीपिवळी जीपनं मलकापूर. पुढच्या सीटवर ड्रायव्हरसंग तिघं, मागं किती ते देव जाणे. माझ्या मांडीवर कोणाचीतरी कोंबडी. उशीर झाला. मॅडमनं कारण विचारलं नाही, उशिरा येणाऱ्या पोरांइतकेच फेरे मारायले लावले. बरं वाटलं. तिथं मी कोणाची सून नाही, कोणाची विहीण होऊन राह्यली नाही.

सुटल्यावर मॅडम म्हणे, डिसेंबरात बुलढाण्याले स्पर्धा आहे, महिलांचा खुला गट आहे. "काकू, नाव देऊ?"

पायल मागून ओरडली, "द्या मॅडम!"

द्या, म्हनलं. तोंडातून निघून गेलं.

२३ नोव्हें., रवि

हे भाजीच्या हर्रासीतून, लिलावातून आले. कॅरेट धुताना आपल्याच तंद्रीत बोलायले लागले. तिथं एकानं विचारलं म्हणे, "काय बे, वहिनीवर हात उचलून राह्यला म्हणे तू?" म्हणजे गोष्ट जळगाव जामोदहून फिरून मलकापूरच्या भाजीबाजारात पोचली. त्यातलं ज्युडो मधातच कुठं गळून पडलं, मार तेवढा पोचला.

"मंग तुम्ही काय म्हनलं?"

"म्हनलं, तिले हात लावला तं तीच मले आपटंल बाप्पा."

लोक हसले म्हणे. हे नाही हसले. कॅरेट पालथं घातलं, त्यावर बसले.

"दादाले माहीत होतं खरं काय ते. तरी त्यानं तेच राहू देलं."

मी पाण्याचा पाइप बंद केला. एवढं बोलणं यांच्या तोंडून महिन्यातून एखाद्यावेळेस.

२८ नोव्हें., शुक्र

पडली! मागं, पाठीवर, हात बाजूले सपाट आपटून, मान छातीशी. पायलनं असा अचानक पाय काढला की भ्यायले वेळच नाही भेटला. आवाज असा झाला गादीचा, धप्प. पोरं टाळ्या वाजवून राह्यले. मी तशीच पडून पत्रे पाहत राह्यली थोडा वेळ. पत्र्याले एक भोक आहे, त्यातून उजेड येते.

मॅडम म्हणे, "उठा काकू, झोपायले नाही पडायचं."

२ डिसें., मंगळ

पाहुण्यांकडून काही निरोप नाही. को. माझ्याशी कामापुरतीच बोलते. भाजी निवडू का, गॅस संपला, असं.

आज मात्र कोथिंबिरीच्या ढिगाऱ्याजवळ बसून फोनवर हसून राह्यली होती. कोण आहे, म्हनलं.

"मेडिकलवाला."

"काय म्हणते?"

"तुझ्या डोळ्याले काय लावलं विचारते. म्हणे बर्फ लावाले पाहिजे होता लगेच." मंग कोथिंबीर निवडता निवडता, "चांगला आहे तो, आई."

पाहून राह्यली ना मी. तिच्या आवाजातच समजलं किती चांगला आहे ते.

आतापर्यंत हे सगळं भासऱ्यांशी भांडण होतं. आता ते तसं राह्यलं नाही.

५ डिसें., शुक्र

तण निंदायले आलेल्या बायांमधली एक म्हणे, "ताई, या वयात नातवंडं खेळवाचे का गाद्यांवर लोळाचं?"

म्हनलं, "नातवंडं काय उभ्यानं खेळवतात का?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. मंग हळूच मले विचारलं, कोणी मागून धरलं तं काय करावं. वांग्याच्या सरीतच दाखवलं. आधी ती लाजली, दुसऱ्यांदा तिनं असं झटकलं की मीच वांग्यात गेली. दोन झाडं मोडले. भासऱ्यांनी बांधावरून पाह्यलं. पाहू दे.

१४ डिसें., रवि

स्पर्धेआधीचा शेवटचा रविवार. मॅडमनं कस काढला. घरी आली तं पायऱ्या चढता येईना.

भेव वाटते. पडायचं नाही वाटत आता. इतक्या लोकांत, पोरींच्या मधात, पांढऱ्या पायजम्यात उभं राह्याचं, त्याचं वाटते. को.ले म्हनलं, चल ना माझ्यासंग. म्हणे, कॉलेजची सबमिशन आहे. रविवारी कोणती सबमिशन राह्यते?

यांले विचारलं नाही. नाही म्हनलं असतं तं भांडावं लागलं असतं, अन् यांच्याशी भांडायची इच्छा नाही राह्यली.

२१ डिसें., रवि

बुलढाणा. मॅडमनं गाडी केली होती, पहाटेच निघालो. मोताळा सोडला, राजूरच्या घाटात दोन पोरं ओकले. वरती थंडी अशी की दात वाजत होते. हॉलमध्ये पोरीच पोरी. मले पाहून दारावरचा माणूस म्हणे, "पालकांनी वर बसा." पट्टा दाखवला, मंग सोडलं.

पहिली कुस्ती (मी कुस्तीच म्हणते, मॅडम रागावतात) चिखलीकडच्या पोरीशी. पोलीस भरतीची तयारी करते. तिनं बाही धरली एवढं समजलं, मंग छत दिसलं. संपलं. पण पडली नीट. काही मोडलं नाही, काही दुखलं नाही. तिनं हात देऊन उठवलं, अन् वाकून पाया पडायले लागली! म्हनलं, "नको माय, इथं नको."

हरलं तरी गटात तिघींशी खेळायचं होतं. दुसरी कॉलेजची पोरगी. माझ्याहून उंच. तिनं दोनदा पाय घातला, मी हलली नाही. तिची बाही माझ्या मुठीत होती अन् ती सुटत नाही, तिले माहीत नव्हतं ना. तिसऱ्यांदा ती आली तशी कंबर घातली. नीट उचलली गेली नाही, दोघी पडलो, पण मी वर. मंग दाबून धरलं. ती खालून वळवळ करून राह्यली. मनात काही म्हणजे काही नव्हतं. भासरे नाही, जळगाव नाही, पाहुणे नाही. फक्त हिले सोडायचं नाही. पंचांनी खांद्यावर थापटलं तरी समजलं नाही, दोनदा थापटावं लागलं.

हात वर केला माझा. पायल अशी किंचाळली की वरचे लोक उभे राह्यले.

तिसरीत हरली, गुणांवर. मेडल नाही. नसू दे.

बाहेर आली तं चहाच्या गाडीजवळ हे उभे. मफलर गुंडाळलेलं, हातात गरम गिलास. टेम्पोत कोबी टाकून बुलढाण्याच्या बाजारात आले म्हणे. आपला कोबी कधी बुलढाण्याले गेला, मले माहीत नाही.

"पाह्यलं का?"

"पाह्यलं. दुसरीले तू सोडतच नव्हती. मले तिचंच भेव वाटलं."

अर्धा चहा मले देला. परत मॅडमच्या गाडीत नाही, टेम्पोत यांच्यासंग आली. घाट उतरेपर्यंत हे मधात मधात उगाच हसत होते.

२३ डिसें., मंगळ

गोदामात बसून लिहून राह्यली. लवकर पोचली, कोणी आलं नाही अजून.

दुपारी मध्यस्थ आला. भासरे त्याच्यासंगच आले, चेहरा खुललेला. निरोप आहे: पोरगी पसंत. तारीख काढा. फक्त एक, विहीणबाईनं ते खेळणं बंद करावं. लग्नात चार लोक विचारतीन, बरं दिसत नाही.

"झालं ना मंग!" भासरे म्हणे. "एवढंच तं म्हणतात. हुंडा मागत नाही, काही नाही. हो म्हण अन् मोकळी हो."

सगळे माझ्याकडं पाहून राह्यले. मी को.कडं. ती खांबाले टेकून उभी, ओढणीचं टोक बोटाले गुंडाळत. तिचं तोंड पाह्यलं अन् खरं सांगते, हो ओठावर आलं होतं. पोरीले तो आवडला आहे. मी अशी काय मोठी खेळाडू लागून गेली? एक पोरगी दाबून धरली, एवढंच ना.

मंग ती बाई आठवली, बशीत चहा ओतणारी. उठते हात कधीमधी. तिले ते चाललं होतं. मी खेळली ते नाही चालत. अन् आज मी यात हो म्हनलं, तं उद्या त्या घरात को.ले कशाकशात हो म्हणावं लागंल?

"मी बंद करत नाही," म्हनलं. "पोरीचं लग्न माझ्यामुळं अडते असं वाटत असंल, तं ते तिनं मले सांगावं. तुम्ही नाही."

भासरे उठले. "पाह्यलं का रे?" यांले म्हणतात. "पाह्यलं का तुह्या बायकोले?"

हे म्हणे, "पाह्यलं दादा. बुलढाण्यातही पाह्यलं." मंग हळू, पण म्हनलं, "तिनं सांगितलं ना. आता कोमलले विचार."

भासऱ्यांले यायनं असं उत्तर देलं नव्हतं आजवर. मध्यस्थ पाणी पिऊन राह्यला.

को.नं ओढणी सोडली. फोन घेतला. "मी बोलते त्याच्याशी," म्हणे. कोणाकडं पाह्यलं नाही, माझ्याकडंही नाही. जिना चढून गच्चीवर गेली.

काय बोलणार, समजलं नाही. तुझ्या आईची अट काढ म्हणणार, का माझी आई ऐकत नाही म्हणणार, का नको हे स्थळ म्हणणार. तिच्या मनातलं मले आता पहिल्यासारखं ओळखू येत नाही. ज्युडोचंही ओळखू आलं नव्हतं.

क्लासची वेळ झाली तशी पिशवी उचलली. भासरे म्हणे, "आजबी?" म्हनलं, "मंगळवार आहे."

फाट्यावरून आमची गच्ची दिसते. को. कठड्याजवळ उभी, पाठ रस्त्याकडं, एक हात कानाशी, दुसरा हवेत हलवत. भांडताना तसाच हलवते ती. समजावतानाही तसाच हलवते. काळीपिवळी आली, बसली मी.

पिशवीत फोन वाजून राह्यला आहे, को.चाच असंल. एकदा थांबला, परत सुरू झाला. बाहेर मॅडमच्या गाडीचा आवाज आला, पायलचा पण. आधी गाद्या टाकते. मंग उचलते.